काडीमोडीचा तमाशा

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. सिडकोत बहिणीकडे ओवाळून झाले, अनारशांचा आणि चिवड्याचा समाचार घेऊन झाला, आणि जेवणानंतरची जी एक सुस्त, पानसुपारीची वेळ असते त्या वेळी घरातली चौदा माणसे दूरचित्रवाणीसमोर येऊन बसली. पूर्वी अशा वेळी पत्त्यांचा डाव पडे, किंवा दिवाळी अंकातली एखादी विनोदी कथा कोणी मोठ्याने वाचून दाखवी. आता ते काम पडद्याकडे गेले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पडद्यावर 'सत्य घटनेवर आधारित' अशा जातीचा एक कार्यक्रम चालू होता. पूर्वी अशा कार्यक्रमांतला निवेदक घसा खाली नेऊन बोले आणि शेवटी आपल्याला सावध राहावयास सांगे. हा निवेदक मात्र डोळे मिचकावीत होता. गुन्हा खरा, रक्त खरे, आणि सांगण्याची तऱ्हा प्रहसनाची, असा हा नवा मसाला निघाला आहे.

त्या दिवशीची कथा दोन पुरुषांची. दोघेही नोकरी करणारे. चार-पाच वर्षे एका घरात संसार थाटून राहिलेले. पुढे त्यांचे बिनसले. एकाने दुसऱ्याच्या स्कूटरच्या टाकीत साखर ओतली. दुसऱ्याने पहिल्याची प्रमाणपत्रे दडवून ठेवली. कुकर कोणाचा यावर रणकंदन माजले. एकाने भांडे उचलून नेले, दुसऱ्याने झाकण. मग धमकी आली, की तुझ्या आईबापांना आणि तुझ्या साहेबाला सगळे कळवून टाकतो. आणि शेवटी स्वयंपाकघरातली सुरी, दवाखाना, पोलीस ठाणे. प्रत्येक टप्प्यावर मागे पिपाणी वाजत होती. रक्त आले तेव्हाही पिपाणीच वाजली. आम्ही चौदाजण हसलो. मीही हसलो, हे आधीच कबूल केलेले बरे, कारण हा सारा लेख म्हणजे त्या हसण्याचा मीच मला विचारलेला जाब आहे.

कार्यक्रम संपला तेव्हा दाजींनी तोंडातले पान सावरीत शेरा मारला. "काय बुवा! यांची लग्नं नाहीत तर काडीमोडीचा हा तमाशा. लग्नं झाली असती तर काय झालं असतं?" पुन्हा एकदा हशा पिकला. आमचे दाजी गुलमंडीवर चाळीस वर्षे दुकान चालवून निवृत्त झालेले आहेत. गिऱ्हाइकाला दुखवायचे नाही आणि उधारही ठेवायचे नाही, असा त्यांचा स्वभाव. त्यांच्या बोलण्यात विष नव्हते. परंतु ते वाक्य मला घरी येईपर्यंत पुरले आणि त्यानंतरही पुरून उरले. कारण विचार करता करता माझ्या ध्यानात आले, की दाजींनी सत्याला अगदी हात घातला होता. फक्त उलट्या बाजूने. लग्ने नसताना तमाशा झाला असे ते म्हणाले. लग्ने नव्हती म्हणूनच तमाशा झाला, असे माझे म्हणणे आहे.

येथे काही वाचक पान उलटण्याच्या बेतात असतील. दिवाळीच्या दिवसांत, फराळाच्या ताटाशेजारी, हा विषय कशाला, असे त्यांना वाटेल. त्यांना एवढेच विचारतो, की हा विषय घरात मी आणला काय? तो भाऊबीजेच्या दुपारी पडद्यावरून, पिपाणी वाजवीत, सर्वांदेखत आला. आणि आपण त्याला बसायला पाट दिला. हसण्यासाठी जो विषय घरात चालतो तो विचार करण्यासाठी का चालू नये?

आता मुद्द्यावर येतो. नवरा-बायकोच्या भांडणावर हसणे ही मराठी माणसाची जुनी आवड आहे. १९१६ साली देवलांचे 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून आजतागायत फाल्गुनरावाच्या संशयावर महाराष्ट्र हसतो आहे. चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावांनी आणि त्यांच्या काऊने तर घराघरांतल्या धुसफुशीला प्रतिष्ठाच मिळवून दिली. तेव्हा दाजी जर मला म्हणाले, की तुम्ही त्या भांडणांवर हसता मग या भांडणावर का हसू नये, विनोदाला सगळे सारखे असे तुम्हीच म्हणता ना, तर प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाता यावयाचे नाही.

फाल्गुनरावावर हसताना आपण काय गृहीत धरलेले असते, ते पाहा. त्याचे कृत्तिकेशी असलेले नाते खरे आहे, ते असणे योग्य आहे, ते मोडू नये, याविषयी प्रेक्षागृहातल्या एकाही माणसाच्या मनात शंका नसते. संशय खोटा आणि संसार खरा, म्हणून गंमत. चिमणराव काऊवर चिडला तरी संध्याकाळी दोघे एकाच घरात, एकाच ताटाच्या आगेमागे जेवणार, हे आपल्याला ठाऊक असते. आपले हसू त्या संसाराच्या अंगणात बसून हसलेले असते. त्यात थोडा लळा असतो, थोडी ओळख असते, आणि पुष्कळदा आपल्याच घरची आठवण असते.

भाऊबीजेच्या दिवशीचे हसू तसे नव्हते. मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. साखर ओतली तेव्हा आम्ही थोडे हसलो. परंतु सर्वांत मोठा हशा कशावर पिकला? त्या दोघांपैकी एकजण पोलीस ठाण्यात म्हणाला, "साहेब, आमचा संसार होता", त्या वाक्यावर. गंमत भांडणात नव्हती. गंमत त्या दोघांनी आपल्या घराला संसार म्हणण्यात होती. हीच कथा स्त्री-पुरुषाची असती, नवऱ्याने बायकोच्या हातावर सुरी चालवली असती, तर कोणत्या निवेदकाची पिपाणी वाजवण्याची छाती झाली असती? तेथे बासरी वाजली असती, दिवा मालवला असता, आणि आमच्या ताईने डोळ्यांना पदर लावला असता. रक्ताचा रंग तोच. वाद्य मात्र बदलले. एवढ्यावरून हे हसू सर्वांना सारखे नव्हते हे सिद्ध होते.

आता असे पाहा, की कुकरवरून भांडण होणे यात जगावेगळे काय आहे? आमच्या घरी माझे दोन चुलते वेगळे झाले तेव्हा पितळी बंबावरून तीन दिवस अबोला होता. शेवटी आत्या पैठणहून आली. तिने दोघांना ओटीवर बसवले, चहा पाजला आणि निकाल दिला: "बंब थोरल्याचा, पण धाकट्याच्या पोरांच्या आंघोळी दिवाळीला याच बंबाच्या पाण्यानं होतील." आजही आम्ही ती गोष्ट सांगून हसतो. ती हसण्याजोगी का झाली? कारण मध्ये आत्या होती. आत्या नसती तर त्याच बंबाने एकाचे डोके फुटले असते, आणि ती गोष्ट आम्ही दिवाळीत सांगितली नसती.

नवरा-बायकोचे बिनसले की त्यांच्यासमोर एक अख्खी शिडी उभी असते. पहिल्या पायरीवर आत्या, मामा, मोठे दीर, शेजारचे गुरुजी. त्यांनी भागले नाही तर समुपदेशक. त्यांनीही भागले नाही तर न्यायालय. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची वाट उघडली. १९७६ साली परस्परसंमतीचा घटस्फोट त्यात आला. वर्षभर वेगळे राहावे, अर्ज करावा, मग सहा महिने थांबावे; हे सहा महिने माफ करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिली. १९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालये निर्माण केली; आमच्या शहरातही ते आहे. तेथे दोन्ही पक्षांना आधी समुपदेशकापुढे बसवतात, आणि वकिलाला हक्काने उभे राहता येत नाही, हेतू असा की भांडणाला फार धार चढू नये. २००५ च्या कायद्याने घरात मार खाणाऱ्या स्त्रीला त्याच घरात राहण्याचा हक्क दिला. पोटगी आहे, स्त्रीधन आहे, मुलांचा ताबा आहे. या शिडीच्या पायऱ्या कुरकुरतात, पुष्कळदा मोडतात, तारखांवर तारखा पडतात, हे मला मान्य आहे. परंतु शिडी आहे. तिच्यावरून उतरता उतरता माणसाचा राग थकतो. कायद्याचा सर्वांत मोठा उपकार कोणता म्हणाल तर तो माणसाला कंटाळा आणतो. आणि कंटाळलेला माणूस सहसा सुरी उचलीत नाही.

त्या दोघांसमोर कोणती शिडी होती? आत्याला सांगावे तर मुळात आत्याला घर दोघांचे आहे हेच ठाऊक नव्हते. तिच्या लेखी तो एक मित्र, भाडे वाटून घेणारा. समुपदेशकाकडे जावे तर कोणत्या नात्याने? न्यायालयात जावे तर कोणत्या कलमाखाली? घर एकाच्या नावावर, हप्ते दोघांचे. मोडले तर दुसऱ्याचे पैसे पाण्यात. मोडलेल्या नात्याला जेथे दार नाही तेथे माणूस खिडकीतून उडी मारतो. साखर, प्रमाणपत्रे, धमकी, सुरी या त्या खिडकीतून मारलेल्या उड्या होत्या; आणि आम्ही खाली उभे राहून टाळ्या पिटत होतो.

दार नाही ते कोणी बंद केले, याचा इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्रजांनी केलेली दंडसंहिता १ जानेवारी १८६२ रोजी अमलात आली. तिच्यातले ३७७ वे कलम मेकॉलेच्या वेळच्या विलायती नीतिकल्पनांतून आलेले; ज्याला आपण आज 'आपली संस्कृती' म्हणून छातीशी धरतो त्यातला पुष्कळसा भाग असा जहाजातून उतरलेला आहे. ते कलम सहमतीच्या प्रौढ माणसांना लागू होणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी ठरवले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने पुन्हा ते बंधन तोडले. त्या वेळी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले, की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची क्षमा मागितली पाहिजे. 'कुटुंबीयांची' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी लग्नाचा प्रश्न आला तेव्हा न्यायालयाने तो हक्क दिला नाही; हे काम विधिमंडळांचे आहे असे सांगितले. फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली. तिच्यात ३७७ वे कलम समूळ गेले. आणि त्याबरोबर, एखाद्या पुरुषावर दुसऱ्या पुरुषाने बळजबरी केली तर दाद मागण्यासाठी उरलेला आधारही गेला.

या साऱ्यात एक मौज आहे, ती दाजींना मुद्दाम सांगितली पाहिजे. २०२४ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरात केंद्र सरकारने जाहीर केले, की अशा जोडीदारांना बँकेत एकत्र खाते उघडण्यास कोणतीही आडकाठी नाही, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातले मानावे. म्हणजे पाहा, गहू-तांदळापुरते हे दोघे एक घर! सरकारच्या एका खात्याला त्यांची चूल दिसली. चूल दोन झाल्या तर काय करावयाचे, हे सांगणारे खाते मात्र कोठे नाही. बँकेत दोघांचे पैसे एकत्र करण्याची सोय आहे, ते भांडल्यावर वेगळे करून देणारा कोणी नाही. एकत्र या, पण भांडू नका, असे सांगणारा संसार आजवर कोणी पाहिला आहे काय?

आता धमकीकडे वळतो. 'तुझ्या घरी सांगतो', 'तुझ्या साहेबाला सांगतो' या वाक्यावरही आम्ही हसलो होतो. नवऱ्याने बायकोला अशी धमकी दिली तर ती म्हणेल, सांग खुशाल. मग या धमकीत एवढी ताकद कोठून आली? ती त्या दोघांनी आणलेली नाही. ती आपण पुरवलेली आहे. आपण हसू, आपण नाक मुरडू, आपण मुलीचे स्थळ परत घेऊ, आपण घर रिकामे करावयास सांगू, या खात्रीवर ती धमकी उभी असते. फोनवरच्या ओळखीने अशा माणसाला एकांतात बोलावून लुटणारे भामटे याच भांडवलावर धंदा करतात. लुटलेला माणूस पोलिसांत जाणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते. भामट्याच्या पेटीतले भांडवल आपल्या दिवाणखान्यातून जाते, आणि भाऊबीजेला आम्ही त्यात चौदाजणांची भर घातली.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर एका मराठी माणसाची कथा ऐका. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. कवी होते, त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला होता. उत्तरेतल्या त्या गावी वर्षानुवर्षे मराठी शिकवीत हा माणूस एकटा राहिला. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री दोन माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि त्यांचे एका पुरुषाबरोबरचे खासगी क्षण त्यांनी टिपून घेतले. लक्षात घ्या, २००९ च्या निकालामुळे त्या काळी हा गुन्हाही नव्हता. गुन्हा झाला होता तो घरात घुसणाऱ्यांकडून. तरी दुसऱ्या दिवशी निलंबन झाले ते प्राध्यापकांचे. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या निलंबनाला स्थगिती दिली. आणि ७ एप्रिलला सिरस आपल्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. त्या मृत्यूबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. पुढे त्यांच्यावर 'अलीगढ' नावाचा हिंदी चित्रपट आला, म्हणून हे नाव थोड्याफार लोकांना ठाऊक झाले. एरवी एक मराठीचा प्राध्यापक परमुलखात असा गेला याची वार्ता किती मराठी घरांनी ठेवली?

दुसरे उदाहरण हैदराबादचे. १९५६ पर्यंत आम्ही मराठवाड्याचे लोक त्याच राज्यात होतो, म्हणून ते गाव आम्हांला परके नाही. २०११ साली तेथल्या एका तेलुगू वृत्तवाहिनीने तरुणांच्या ओळखी उघड करून, फोनवरची बोलणी चोरून ध्वनिमुद्रित करून, 'शहरात हे काय चालले आहे' अशा थाटाचा कार्यक्रम केला. वृत्तवाहिन्यांच्याच नियामक संस्थेने तिला एक लाख रुपये दंड ठोठावला आणि पडद्यावर माफी दाखवावयास लावली. त्या वाहिनीने भीती दाखवली. आमच्या भाऊबीजेच्या कार्यक्रमाने हसवले. मला दोघांत फार अंतर दिसत नाही. भीती दाखवणारा निदान आपण दुष्टपणा करतो आहोत हे लपवीत नाही. हसवणारा मात्र घरातल्या मुलांनाही मांडीवर घेतो.

मराठीला हा विषय नवा आहे असेही कोणी समजू नये. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. ज्यांना कोणाला विचारता येत नसे अशी माणसे त्यांना पत्रे लिहीत आणि कर्वे सरळ, शास्त्राला धरून उत्तरे देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकीलपत्र कोणी घेतले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक प्रश्न विचारतात तर उत्तर देणे हा गुन्हा कसा, अशी त्यांची भूमिका. खटला हरला, दंड झाला. ज्या बाबासाहेबांनी १९५० साली आमच्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले, हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळावा म्हणून झटताना १९५१ साली ज्यांनी मंत्रिपद सोडले, त्यांच्याच वकिलीत हाही खटला आहे, हे नागसेनवनावरून रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आठवावे. त्या खटल्यावर 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिणारे अजित दळवीही आमच्याच शहरातले.

आणि १९८१ साली तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' लिहिली तेव्हा तीत काय होते? दुसऱ्या मुलीवर जीव लावणारी एक मुलगी, नमाची चलबिचल, मत्सर, पत्रे उघड करण्याची भीती, आणि शेवटी मित्राचा अंत. साहित्य तेच आहे जे भाऊबीजेच्या कार्यक्रमात होते. तेंडुलकरांनी पिपाणी वाजवली नाही, एवढाच फरक. आणि तोच सगळा फरक.

माझ्यावर तीन आक्षेप येतील. त्यांची उत्तरे देऊन टाकतो. पहिला असा, की लग्न झालेलेही एकमेकांचे खून करतात, त्यांना शिडी कोठे उपयोगी पडली? बरोबर आहे. पूल बांधला तरी नदीत बुडणारे बुडतात; म्हणून पूल नको असे कोणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप, की या लोकांचे दोष दाखवायचेच नाहीत काय? अवश्य दाखवा. ज्याने सुरी चालवली त्याला शिक्षा व्हावी. तो समलिंगी आहे म्हणून त्याला सूट द्या असे म्हणणारा मी नव्हे. त्यांना साधू करून देव्हाऱ्यात बसवणे हाही त्यांना घराबाहेर ठेवण्याचाच एक प्रकार आहे. ती माणसे आपल्याइतकीच हेकट, चिकट आणि कुकरसाठी भांडणारी आहेत, एवढे मान्य झाले तरी माझा अर्धा लेख सार्थकी लागला.

तिसरा आक्षेप नेहमीचा आहे: मुलांसमोर हा विषय नको. वाचकहो, त्या खोलीत सहा मुले होती. विषय त्यांच्यासमोर आलाच होता, आणि त्यांना धडाही मिळाला होता. धडा असा, की अशा माणसाने आपल्या घराला संसार म्हटले की मामा, दाजी, आजी सगळे हसतात. उद्या त्या सहांपैकी एखादा वा एखादी तशी निघाली, तर ती आपल्याला सांगेल काय? ती सांगणार नाही. ती शहर सोडील, पुण्यात किंवा बंगळुरात 'मैत्रिणीबरोबर भाड्याने' राहील, आणि तिचे काही बरेवाईट झाले तर आपल्याला ते पोलिसांकडून किंवा पडद्यावरून कळेल. त्या दिवशी पिपाणी वाजताना आपल्याला किती हसू येते ते पाहू.

मग विनोद करायचाच नाही काय, असे दाजी विचारतील. करा! पोटभर करा. परंतु आधी उंबऱ्याच्या आत घ्या, मग हसा. ज्या दिवशी कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर असे दोघेजण जांभया देत तारखेची वाट पाहतील. एक म्हणेल कुकर माझा, दुसरा म्हणेल शिट्टी माझी. समुपदेशकबाई कपाळाला हात लावतील. आणि कोणा एकाची आत्या पैठणहून एसटीने येऊन दोघांनाही फैलावर घेईल, त्या दिवशी त्यावर कोणी प्रहसन लिहिले तर मी पहिल्या रांगेतले तिकीट काढीन. कंटाळवाणा, रीतसर, कागदावरचा घटस्फोट हा माणुसकीचा केवढा मोठा ऐवज आहे, हे ज्यांना तो मिळतो त्यांना कळत नाही.

कायदा केव्हा होईल तो होवो. ते आपल्या हातात नाही. आत्या होणे मात्र आपल्या हातात आहे. घरातला कोणी पोरगा वर्षानुवर्षे एकाच 'मित्रा'बरोबर राहतो, हे प्रत्येक आत्याला दिसत असते. दिवाळीला त्या मित्रालाही फराळाचा डबा पाठवावा; एवढ्याने सुरुवात होते. म्हणजे उद्या त्यांचे बिनसले तर दोघांपैकी कोणी तरी रात्री अकरा वाजता सुरीकडे न जाता फोनकडे जाईल.

शेवटी या लेखाच्या मथळ्यातला शब्द. काडीमोड हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. तो न्यायालयाहून जुना आहे. आपल्याकडच्या कित्येक जातींत नवरा-बायकोचे जमेनासे झाले की चार पंच बसत, गवताची काडी मोडली जाई, आणि नाते संपले असे सर्वांदेखत ठरे. ना साखर, ना सुरी. ज्या निरक्षर शेतकऱ्यांनी ही रीत घातली त्यांना एक गोष्ट कळली होती, की जोडण्याला जशी चार माणसे लागतात तशी मोडण्यालाही लागतात.

यंदाही भाऊबीजेला सिडकोत जाणार आहे. दाजींना हा अंक द्यावयाचा आहे. ते भांडतील, आणि त्यांनी भांडावे. त्यांना मी एवढेच म्हणणार आहे, की दाजी, त्या दोघांना तुम्ही लग्नाची वरात काढून देऊ नका हवी तर. पण मोडायला एक काडी आणि समोर बसायला चार माणसे तरी द्या.